मदत हवी आहे: जानेवारीत कॅराव्हॅनने कोकण किनारा, आम्ही दोघंच

नमस्कार. संक्रांत झाली की मी आणि हे असे दोघंच पुण्याहून कॅराव्हॅन घेऊन कोकणात उतरणार आहोत. ताम्हिणीने माणगाव, तिथून दिवेआगर, मग किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आणि आंबोलीने वर चढून परत यायचं. घाई अजिबात नाही. मुलांना "फेब्रुवारीत कधीतरी येऊ" एवढंच सांगून ठेवलंय. ज्यांनी मोठी गाडी घेऊन या रस्त्याने प्रवास केलाय, किंवा जे त्या गावांत राहतात, त्यांच्याकडून माहिती हवी आहे.

गाडी भाच्याची. त्याने फोर्स ट्रॅव्हलरवर बांधून घेतली आणि मोटर कॅराव्हॅन म्हणून रीतसर नोंदवली. लांबी साधारण एकवीस फूट, छतावरचं सोलर धरून उंची साडेनऊ फूट. आत पलंग, ओटा, लहान फ्रिज, आणि आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कमोड. यांचे दोन्ही गुडघे दुखरे. हॉटेल बुक करताना फोनवर "जिने किती, संडास कसला" हेच विचारत बसावं लागतं आणि तिथे पोचल्यावर वेगळंच निघतं. त्यामुळे गेली काही वर्षं आमचं फिरणं जवळजवळ बंदच पडलं होतं. आता स्वतःचा पलंग आणि स्वतःचा कमोड बरोबर असेल तर पुन्हा बाहेर पडता येईल, या आशेवर सगळा बेत आहे. गाडी चालवताना यांना त्रास होत नाही, उतरताना होतो. एकूण वजन ७५०० किलोच्या आत असल्याने हलक्या वाहनाचा परवाना चालतो, तो प्रश्न मिटलाय.

मला आंब्याचा मोहोर बघायचाय, किनाऱ्यावर थंडीत येणारे कुरव पक्षी बघायचेत आणि एखाद्या देवळापुढे रात्रभर बसून दशावतार बघायचाय. गाव आवडलं तर तिथेच राहायचं, नाही आवडलं तर पुढच्या खाडीपर्यंत जायचं, एवढंच ठरलंय.

आता अडचणी. वाटेत तीन ठिकाणी फेरीबोट लागते: बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. गाडीच्या मागच्या चाकांमागे बराच भाग लोंबता आहे आणि सांडपाण्याची टाकी नेमकी त्याखाली बसवली आहे. बोटीवर चढता-उतरताना ती घासेल का? की खाड्या टाळून मुंबई-गोवा महामार्गाने वळसा घालावा? तसं केलं तर निम्मी मजा जाईल असं मला वाटतं.

दुसरी अडचण रात्रीची. कुणाच्या गावात परवानगीशिवाय गाडी लावून झोपायचं आमच्या मनाला पटत नाही. मग विचारायचं कुणाला, ग्रामपंचायतीला, देवस्थानाला की घरमालकाला? कमोडची कॅसेट, म्हणजे खालचा मैल्याचा डबा, दोन-तीन दिवसांनी रिकामी करावी लागते. ती उघड्यावर रिकामी करणार नाही, हे नक्की. पण अनोळखी माणसाकडे ही गोष्ट बोलायची कशी?

आणि केळशी ते आंजर्ले हा आडे-पाडल्यावरून जाणारा रस्ता या गाडीला झेपेल का?

प्रतिसाद: गुहागरकर

ताई, फेरीबोट सोडू नका. तिन्ही ठिकाणी टेम्पो आणि लहान बसगाड्या जातात, तुमचीही जाईल. भीती टाकीची आहे ती मात्र खरी. ओहोटीला पाणी खाली जातं, बोट खाली बसते आणि धक्क्याचा उतार लांब आणि तिरका होतो. जिथे उतार संपून बोटीची फळी सुरू होते तिथे लांब गाड्यांचं बूड टेकतं. भरतीला बोट वर येते आणि गाडी जवळजवळ सपाटीवरून आत जाते.

वेळ काढायची आमची जुनी रीत सांगतो. तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. दिवसाचंही तेच, रात्रीचंही तेच. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी खूपच खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, चढ-उतार कमी. तुम्हाला घाई नाही म्हणताय, मग दाभोळ आणि जयगड अष्टमीच्या आसपास येतील असं बघा. दापोली ते जयगड हा टप्पा एका आठवड्यात आरामात बसतो. धक्क्यावर पोचल्यावर तुमचे यजमान स्वतः उतरले नाहीत तरी चालेल, तुम्ही उतरून बोटीवरच्या माणसाला टाकी दाखवा. ते लोक रोज शेकडो गाड्या चढवतात, कुठे थांबायचं आणि कुठे तिरकं घ्यायचं ते बरोबर सांगतात. पाण्याच्या टाक्या मात्र शक्यतो रिकाम्या करून चढा, गाडीचं मागचं बूड तेवढंच वर राहतं.

वाळूवर गाडी घालू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. वरची वाळू घट्ट दिसते, चाक थांबलं की रुततं आणि मागून भरती येते.

प्रतिसाद: दापोलीकर

केळशी-आंजर्ले रस्ता सुंदर आहे, पण एकवीस फुटी गाडीला मी नको म्हणेन. वाड्यांमधून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती आहेत. समोरून एसटी आली तर एकाला मागे जावं लागतं आणि तेवढं मागे जायला जागा नसते. शिवाय फणसाच्या फांद्या आणि घरांकडे गेलेल्या वायरी खाली लोंबतात, तुमचं सोलर वर आहे. केळशी बघून मागे फिरा, मुख्य रस्त्याने दापोलीला या आणि तिथून हर्णैला उतरा. गाडी तिथे ठेवून आंजर्ल्याला रिक्षाने जा. कड्यावरच्या गणपतीला वरपर्यंत वाहन जातं, त्यामुळे काकांना चढावं लागणार नाही.

मुक्कामाचं: किनाऱ्यालगत जवळजवळ प्रत्येक गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारे आहेत. आदल्या दिवशी फोन करायचा आणि सरळ सांगायचं: "खोली नको, अंगणात गाडी उभी करू, दोन वेळचं जेवण तुमच्याकडे घेऊ, विजेचे आणि पाण्याचे पैसे देऊ." जेवण घेणार म्हटलं की बोलणं सोपं होतं, आणि उकडीचे मोदक किंवा ताजी सुरमई मिळणार असेल तर ओट्यावर कशाला रांधता? एमटीडीसीची (राज्य पर्यटन विकास महामंडळाची) हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे आणि तारकर्ली इथली आवारं मोठी आहेत. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्याचा उल्लेख करून तिथल्या व्यवस्थापकाशी आधीच बोला.

बॅटरी किती आहे? गॅस कसला?

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तिथीचं गणित यांनी लगेच कॅलेंडर काढून करून बघितलं. आडे-पाडलं रद्द.

बॅटरी १२ व्होल्ट, २०० अँपिअर-तास, लिथियम. सोलर ४०० वॉट. छतावर एसी आहे आणि भाचा म्हणतो इंडक्शनही चालेल. म्हणून गॅस घेतला नव्हता. कॅसेटबद्दल कुणी सांगेल का? मला खरी काळजी तिचीच आहे.

प्रतिसाद: दापोलीकर

म्हणजे बॅटरीत सुमारे अडीच युनिट. फ्रिज, दिवे आणि पंखा मिळून दिवसाला एक युनिटच्या आत भागतं आणि थंडीच्या स्वच्छ उन्हात सोलर तेवढं भरून देतं. एसी लावलात तर दोन-अडीच तासांत बॅटरी संपेल, पण जानेवारीत रात्री चादर लागते, एसी नाही. २००० वॉटचं इंडक्शन १२ व्होल्टवर १६५ अँपिअरहून जास्त ओढतं. चहापुरतं ठीक, भात-आमटीला नको. ५ किलोचा लहान सिलिंडर घ्या, काही पेट्रोल पंपांवरही मिळतो. घरातला मोठा सिलिंडर गाडीत नेऊ नका. स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवी. कुणाच्या घरून वीज घेताना आधी अर्थिंग तपासणारा लहान प्लग लावून बघा, जुन्या घरांत ते नसतं आणि गाडी लोखंडाची आहे.

प्रतिसाद: मालवणात राहणारी

ताई, कॅसेटचा संकोच करू नका. माझ्या सासूबाई अंथरुणावर होत्या तेव्हा मी रोज हेच करत होते. राहण्याचं बोलतानाच एक वाक्य टाका: "आमच्या कमोडचा डबा तुमच्या संडासात रिकामा केला तर चालेल का?" बहुतेक घरांत सेप्टिक टँक असतो आणि नाही म्हणणारं क्वचित भेटतं. फक्त डब्यात फिनेल किंवा कडक रसायन घालू नका. टाकीतले जिवाणू मरतात आणि मग त्या घराला महिनाभर त्रास. जैविक पावडर मिळते ती वापरा. डबा सकाळी लवकर रिकामा करा, वर दोन बादल्या पाणी ओता आणि ती जागा स्वतः धुवून द्या. विहिरीच्या जवळपास काहीच धुऊ नका, भांडीसुद्धा नाही. जांभ्यातून पाणी झरझर खाली जातं आणि ती विहीर त्या घराचं पिण्याचं पाणी असते.

दशावतारासाठी देवगडच्या पुढे आलात की प्रत्येक गावात विचारत या. जत्रांचा हंगाम कार्तिकापासूनच सुरू होतो आणि जानेवारीतही कुठे ना कुठे नाटक असतंच. ते रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतं. गाडी देवळापासून लांब, पण चालत येण्याजोगी लावा आणि काकांसाठी घडीची खुर्ची न्या, कारण बसायला बहुधा जमीनच असते. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल घेऊन ठरते. ती तुमच्या दिवसांत आली तर मसुरे-मालवण बाजूला गाडी आणू नका, तेव्हा मुंगीला शिरायला जागा नसते.

धागाकर्ती

तुमचं एक वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलंय, फोनवर तेच बोलेन. लहान सिलिंडर आणि अर्थिंगचा प्लग उद्याच आणते. दाभोळचा धक्का अष्टमीच्या आदल्या दिवशी, दुपारी चारनंतर, भरती चढत असताना गाठायचा असं ठरलंय. आता दापोलीजवळच्या हर्णै किंवा मुरुडमध्ये तळमजल्यावर अंगण असलेलं, जेवण देणारं घर कुणाला माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोपात कळवा.