घरात स्मोक अलार्म लावायचाय, कुठला घेऊ आणि कुठे लावू? (ठाणे, २ बीएचके)

ओली_भेळ: मंडळी, सल्ला हवाय. सातवा मजला, सासू-सासरे सत्तरीच्या पुढचे, देवघरात समई बराच वेळ तेवत असते. परवा शेजारच्या विंगमध्ये एसीच्या प्लगने पेट घेतला, थोडक्यात निभावलं, पण तेव्हापासून घरात हाच विषय. लॉबीत सोसायटीचे डिटेक्टर आहेत, घरात काहीच नाही. भीती एकच, आमच्याकडे रोज मिरचीची फोडणी, तो रोज बोंबलला तर सासूबाई दोन दिवसांत काढायला लावतील.

वायरमन_भाऊ: ताई, किचनमध्ये स्मोकवाला लावूच नका, तिथे हीट अलार्म घ्या, तो धुराला नाही, उष्णतेला वाजतो, साधारण ५७ डिग्रीच्या आसपास. पॅसेज आणि बेडरूमला फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे आतल्या प्रकाशकिरणाने धूर ओळखणारा स्मोक अलार्म. आयोनायझेशन म्हणून दुसरा प्रकार मिळतो, तो भडकलेली आग पटकन पकडतो पण फोडणीलाही उगाच कोकलतो, आणि गादी, सोफा, वायर आतल्या आत धुमसत असतात तिथे फोटोइलेक्ट्रिकच आधी वाजतो. स्मोक अलार्मच्या खोक्यावर ईएन १४६०४ (युरोपचं मानक) किंवा यूएल २१७ (अमेरिकेचं) आहे का बघा, नुसतं 'इम्पोर्टेड' वाचून घेऊ नका. धूर वर चढतो म्हणून छताला लावायचा, पण पंख्यापासून ३ फूट तरी लांब, एसीच्या झोतात नको, अगदी कोपऱ्यात नको, शेगडीपासून १० फूट. समईच्या बरोब्बर डोक्यावर पण नको.

जर्सीची_माऊ: इथे न्यू जर्सीत घर विकताना अलार्म चालू असल्याचं सर्टिफिकेट लागतं, आणि तरी पुऱ्या तळायच्या म्हटलं की आपले लोक त्याला शॉवर कॅप घालतात आणि ती कॅप मग तशीच राहते 🙄 अहो, बऱ्याच मॉडेलना हश बटण असतं, दाबलं की थोडा वेळ गप्प बसतो, तसलाच घ्या. बॅटरी संपत आली की मिनिटा-मिनिटाला 'चिक्' करतो, तेव्हा वैतागून काढून ड्रॉवरमध्ये टाकायचा नसतो, बॅटरी बदलायची असते. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबा. १० वर्षांनी अख्खा बदलायचा, मागे तारीख छापलेली असते.

ओली_भेळ: सासूबाई म्हणतायत दूध लागलं तरी मला हॉलमध्ये वास येतो, अलार्म कशाला!

वायरमन_भाऊ: जागेपणी येतो हो, झोपेत नाक पण झोपतं. वर धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, गुंगी येते ती वेगळीच. कान मात्र जागे होतात. सासऱ्यांना कमी ऐकू येत असेल तर एकमेकांना जोडलेले घ्या, पॅसेजमधला वाजला की त्यांच्या खोलीतला पण वाजतो.

कमिटीत_अडकलेला: लॉबीतल्या डिटेक्टरच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडे पॅनल सारखं वाजतं म्हणून वॉचमनने म्यूट करून ठेवलं होतं, बिचाऱ्याला सांगितलं कोणी तर कमिटीतल्याच एका साहेबांनी! २००६ च्या राज्याच्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे सोसायटीने दर जानेवारी आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीचा फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो, सेक्रेटरीकडे तो मागा, चेहरा बघण्यासारखा होतो. आणि जिन्यातले चपलांचे रॅक, सायकली, गच्चीचं कुलूप यावर भांडा, वाईटपणा आला तरी चालेल. अलार्म वाजून बाहेर पडायला वाटच नसेल तर काय उपयोग? खिडक्यांना पूर्ण ग्रिल असेल तर एक तरी उघडणारी करून घ्या, किल्ली तिथेच टांगा.

खमंग_काकू: ह्यात गॅसगळती कळत नाही बरं का, त्याचा डिटेक्टर वेगळा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत लावायचा, पाइपचा हलका, म्हणून छताजवळ. आणि कढईतलं तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, गॅस बंद, वर झाकण, कढई हलवायची नाही.

ओली_भेळ: ठरलं मग. पॅसेज आणि दोन्ही बेडरूमला जोडलेले फोटोइलेक्ट्रिक, किचनला हीट. १०१ मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलाय. हश बटणापर्यंत सासूबाईंचा हात पोचत नाही, पण त्यांनी लाटणं आधीच पसंत केलंय. आता एकच, पीओपीच्या सीलिंगला स्क्रू धरेल का?

वायरमन_भाऊ: साधा रॉलप्लग नाही धरणार, पोकळ छताचा अँकर मिळतो हार्डवेअरवाल्याकडे तो घ्या. आणि ड्रिल मारताना अलार्मला पिशवी बांधा, धूळ आत गेली की विनाकारण वाजत बसेल.