लावणीनंतर आईच्या कमरेला गजकर्ण, ट्यूब लावूनही पसरतंय

देवगडची लेक:
आई 58 वर्षांची. लावणीच्या दिवसांत सकाळपासून चिखलात, परकर दिवसभर ओला. नाडीच्या जागी लाल, खाजरा, गोल चट्टा उठला. मेडिकलमधून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज थांबली. ट्यूब बंद केली की पुन्हा उठतो, असं करत गणपती आले. आता मांडीपर्यंत पसरलाय आणि माझ्या मुलीच्या दंडावरही एक गोल दिसतोय. ट्यूब बदलून बघू का?

मालवणचा अण्णा:
आमची आजी टाकळ्याचा पाला लिंबाच्या रसात वाटून लावायची. काहीजण काजूबीचं तेलही लावतात.

त्वचारोग डॉक्टर, रत्नागिरी:
ताई, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. ते खाज आणि लाली दाबतं, बुरशी मात्र खाली मोकाट वाढते. गजकर्णाची उठावदार, खवले असलेली कडाही त्यामुळे पुसट होते आणि आम्हालाही ओळखणं अवघड जातं. फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत कायमचे चरे पडतात. 2018 पासून अशी बरीचशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी ती सर्रास मिळतात. याचा मला मनापासून राग येतो.

ट्यूब थांबवा. काही दिवस खाज उलट वाढेल, तेव्हाच लोक परत तीच लावतात. तेवढं आईंना सांभाळून न्या. डॉक्टर कडेचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात, बुरशी आहे का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. पैसे फार लागत नाहीत, पण बरीचशी शंका मिटते. एवढं पसरल्यावर नुसतं मलम पुरत नाही, गोळ्या लागतात. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे पसरली आहे, म्हणून बऱ्याचदा इट्राकोनॅझोल हे दुसरं औषध द्यावं लागतं, तेही कित्येक आठवडे. ते हृदय कमजोर असलेल्यांना चालत नाही आणि काही औषधांशी जुळत नाही, तेव्हा बीपी-साखरेच्या गोळ्या सोबत न्या. साखर तपासली नसेल तर तीही तपासा. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं, चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस.

नातीलाही त्याच दिवशी दाखवा. एकीचंच औषध केलं तर ती दुसरीकडून पुन्हा घेईल. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात. पावसात वाळत नाहीत हे मलाही ठाऊक आहे, मग नाडीच्या आणि शिवणीच्या जागी इस्त्री फिरवा. शेतातून आल्यावर आधी परकर बदलायचा, चहा नंतर.

अण्णा, टाकळा भाजीत उत्तम. पण स्टेरॉइडने पातळ झालेल्या कातडीवर लिंबू भाजतं. काजूबीचं तेल तर कुठेच लावू नका, बिब्ब्यासारखे फोड येतात.

मालवणचा अण्णा:
बरं झालं सांगितलंत. माझ्या भावाच्या पाठीवर फिकट चट्टा आहे. खाज अजिबात नाही, म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्वचारोग डॉक्टर, रत्नागिरी:
तो सोडू नका. त्याला डोळे मिटायला सांगा आणि कापसाचं टोक चट्ट्यावर व बाजूच्या चांगल्या कातडीवर टेकवा. चट्ट्यावर कळलं नाही किंवा कमी कळलं, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. कळलं तरी एकदा दाखवाच. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं, प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घ्यायचं. नसा दुखावण्याआधी सुरू केलं तर हातापायांना सहसा व्यंग येत नाही. कधीपासून आहे तो चट्टा?