अवधाण की लसिकाग्रंथींची सूज?

रानजाई : बीसीजीची लस टोचल्यावर क्वचित बाळाच्या डाव्या काखेत गाठ येते. लसीकरणाच्या एका पत्रकाचा अनुवाद करताना मी तिथे ‘अवधाण येते’ असे लिहिले होते. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘लसिकाग्रंथींची सूज’ असे केले, शिवाय अवधाण फक्त जांघेत येते असा शेराही मारला. आमच्या घरी तर नखुरडे झाले तरी काखेत अवधाण यायचे. माझे चुकले का?

माजघर : मुळीच नाही. जखमेतले जंतू लसिकावाहिन्यांतून जवळच्या गाठीत येऊन अडतात, तिथे त्यांना तोंड देणाऱ्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात आणि गाठ फुगते. पायाच्या जखमेला जांघ जवळ, हाताच्या जखमेला काख. आमच्या आजीला पेशी ठाऊक नव्हत्या, पण जांघेतली गाठ चाचपली की ती आधी तळपाय उलटा करून काटा शोधायची. दुखणे एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, हे ‘सूज’ या शब्दात कुठे येते? शरीराचे अवधान तिकडे लागते, म्हणूनच ते अवधाण असावे.

ठिगळ : व्युत्पत्ती गोड आहे, पुरावा मात्र दिसत नाही. क्षयाने मानेत गाठी येतात, तिथे ना काटा ना जखम. त्यांनाही अवधाण म्हणणार का? पारिभाषिक शब्द अशाच वेळी लागतो. आणि ‘लसिका’ काही परकी नव्हे, खरचटल्यावर झिरपते ती लसच. मुंबईत जून 1802 मध्ये ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गाईच्या देवीची लस टोचली, तेव्हा तिच्या हातावरच्या फोडातली लस घेऊनच पुढच्या मुलांना टोचले होते. आज बाटलीतून येणाऱ्या औषधालाही आपण त्याच चिकट पाण्याचे नाव देतो, याचे मला नेहमी नवल वाटते.

उंबरठा : टोचणे हा शब्द नंतरचा असावा. आमच्या गावी ‘देवी काढायला’ माणूस यायचा.

माजघर : काढायला कसा? देवी अंगात घालायच्या असतात!

उंबरठा : चित्र काढतो तशा दंडावर काढायच्या, असे मी लहानपणी समजत होतो. वण अजून आहेत.

रानजाई : पत्रक सोमवारी छापायला जाणार आहे. काखेतल्या गाठीचे काय करू?

ठिगळ : ‘देवी काढणे’ जुन्या कोशांतही सापडते, त्यामुळे उंबरठा यांचे म्हणणे उडवून लावता येणार नाही.