भूशिराच्या टोकावर बसून डॉल्फिन बघायचेत, काय चुकतंय?

प्रश्न: तीन रविवार झाले, पहाटे जाऊन कड्यावर बसतोय, ८×४२ ची दुर्बीण आहे, पण दिसतं काय तर लांबवर उडणारे काळे ठिपके. बाकीच्यांना तिथूनच डॉल्फिन दिसतात. मी दुर्बीण सतत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत असतो, तेच चुकतंय का? की स्पॉटिंग स्कोपच (ट्रायपॉडवर लावायची, एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण) घ्यायला हवा?

प्रतिसाद १: तेच चुकतंय हो. डॉल्फिन श्वासाला वर येतो तो एखाददोन सेकंद, तेवढ्यात तुमची दुर्बीण भलतीकडेच असते. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी शोधा. सुरय एकाच जागी घिरट्या घालत धपाधप पाण्यात सूर मारत असतील तर खाली माशांची झुंड असते आणि बऱ्याचदा त्या झुंडीला खालून वर रेटणारे डॉल्फिनच असतात, तिथे दुर्बीण रोखायची आणि दहा-पंधरा मिनिटं हलवायची नाही म्हणजे नाही. आणि सूर्य पाठीशी हवा, समोर असला की चकाकीत डॉल्फिनच्या पाठीवरचा पंख काय नि लाट काय सगळं सारखंच काळं.

प्रतिसाद २: वाऱ्याचंही बघा. लाटांचे माथे पांढरे व्हायला लागले की पाठीवरचा पंख ओळखणं फार अवघड, डॉल्फिनसाठी शांत पाणीच हवं. पक्ष्यांचं मात्र उलटं, समुद्राकडून जोराचा वारा आला की एरवी खोल समुद्रात राहणारे शिअरवॉटर किनाऱ्याजवळ ढकलले जातात, ताठ पंखांनी एकदा या कुशीवर एकदा त्या कुशीवर कलत लाटांना लगटून जातात, मला तर ते बघायला तासन् तास कमी पडतात. म्हणून घरून निघतानाच ठरवा आज कोण बघायचंय. उंचीचंही तसंच, ३० मीटरवरून क्षितिज साधारण २० किमीवर जातं, पाण्यातलं वरून छान दिसतं, पण खालून उडणारा पक्षी पाण्याच्या रंगात हरवतो, खाली बसलात तर तोच आकाशावर उठून दिसतो. स्कोप नंतर घ्या, घेतलात तर ३०च्या आसपास झूम पुरे, त्यापुढे दुपारच्या गरम हवेत सगळं थरथरतं. ट्रायपॉड बुटका करून बसूनच बघा, वाऱ्यात हलत नाही.

प्रश्नकर्ता: आज वारा पडला होता. सुरयांचा घोळका धरून ठेवला, बाराव्या मिनिटाला तीन पंख वर आले, मग एक पिल्लू, आईला अगदी चिकटून! हात कापत होते. एक विचारायचंय, त्यांच्या मागे एक गडद तपकिरी पक्षी सुरयाचा पाठलाग करत होता, त्याच्या तोंडातला मासा पडेपर्यंत सोडलं नाही, तो कोण?

प्रतिसाद २: स्कुआ असणार! पंखाच्या टोकाजवळ पांढरा पट्टा दिसला का?