शब्दचर्चा: ‘बॅकलॉग’ला ‘अनुशेष’ म्हणावे का?

विचारणा

गिरगावातील एका सहकारी पतसंस्थेने आपल्या कर्जखात्यांची संगणकप्रणाली अंधेरीच्या एका कंपनीकडून अजाइल पद्धतीने, म्हणजे छोट्या टप्प्यांत आणि वाटेत गरजेनुसार बदल करत, करून घेण्याचे ठरवले आहे. मूळ करारनामा इंग्रजीत असून तोच बंधनकारक राहील. तथापि संचालक मंडळापुढे ठेवण्यासाठी आणि इतिवृत्ताला जोडण्यासाठी त्याचा मराठी पाठ तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोशात ‘बॅकलॉग’साठी ‘अनुशेष’ मिळतो, ‘कमिटमेंट’साठी ‘वचनबद्धता’, ‘अ‍ॅक्सेप्टन्स’साठी ‘स्वीकृती’ आणि ‘पेनल्टी’साठी ‘दंड’. सुटे पाहिले तर यांपैकी एकही शब्द चुकीचा वाटत नाही, परंतु कलमांत बसवल्यावर इंग्रजी पाठात नसलेली बांधिलकी मराठी पाठात उगवते आहे असे जाणवते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. ‘अनुशेष’ येथे मुळीच वापरू नये, कारण महाराष्ट्रात त्या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ मध्ये आला, आणि सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, पदभरतीचा अनुशेष हे प्रयोग वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. या प्रत्येक प्रयोगात जे पूर्वीच व्हायला हवे होते, झाले नाही, आणि जे भरून काढणे कोणावर तरी बंधनकारक आहे, असा अर्थ अध्याहृत असतो. प्रॉडक्ट बॅकलॉग ही तर पुढच्या कामांची क्रमवार यादी आहे. तिच्यात नवे काम घालता येते, जुने काढता येते, क्रम फिरवता येतो; आणि तळाशी राहिलेले काम शेवटपर्यंत झाले नाही, तरी केवळ तेवढ्याने करारभंग होत नाही. आपल्या संचालकांनी ‘अनुशेष’ वाचला, तर कंपनी पहिल्या दिवसापासूनच संस्थेचे काही देणे लागते असा त्यांचा समज होईल, आणि त्यात दोष त्यांचा नसेल.

माझ्या मते ‘बॅकलॉग’ तसाच ठेवावा, कारण बैठकीत दोन्ही बाजू तोच शब्द उच्चारणार आहेत. व्याख्यांच्या कलमात मात्र असे लिहावे: ‘बॅकलॉग म्हणजे संस्थेच्या प्रॉडक्ट ओनरने (कामांचा क्रम ठरवणाऱ्या प्रतिनिधीने) प्राधान्यक्रमाने लावलेली व करारकाळात बदलता येणारी कामांची यादी, एखादे काम या यादीत असणे म्हणजे ते पुरवण्याचे दायित्व नव्हे.’

याच ओघात एका प्रचलित गैरसमजाचाही उल्लेख करतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जणांनी मिळून जो अजाइल जाहीरनामा तयार केला, त्यात करारातील वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्याला अधिक मोल दिले आहे. यावरून करार सैल ठेवला तरी चालतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु ‘यापेक्षा त्याला अधिक मोल’ अशा जोड्यांत ज्यांना कमी मोल दिले आहे, त्या (इंग्रजी मांडणीत उजवीकडच्या) बाबींनाही मोल आहे हे त्याच जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे. शिवाय आपल्याकडे १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम २९ आहेच: ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करता येण्याजोगाही नाही, असा करार शून्य ठरतो. म्हणून कामाची व्याप्ती हलती ठेवली, तर ती कोण ठरवणार, केव्हा ठरवणार आणि कोणत्या दराने मोजणार, हे तरी पक्के लिहावे लागते.

मोबदल्याच्या कलमात ‘फिक्स्ड प्राइस’साठी ‘उक्ती रक्कम’ हा शब्द निःसंकोच वापरावा. मुंबईत घराची डागडुजी करून घेतलेल्या कोणालाही उक्ते काम आणि रोजावरचे काम यांतला फरक सांगावा लागत नाही. मात्र ‘टाइम अँड मटेरियल’साठी ‘रोजंदारी’ लिहू नये, कारण त्यातून मालक-मजूर संबंध सूचित होतो. ‘प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनुसार देयक, कमाल मर्यादेसह’ हे लांबलचक असले तरी अचूक आहे.

प्रतिसाद

मी पवईत प्रोग्रामर म्हणून काम करतो, त्यामुळे ‘कमिटमेंट’विषयी थोडे लिहितो. अजाइलची एक प्रचलित पद्धत असलेल्या स्क्रमच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे स्क्रम गाइडच्या २०११ च्या आवृत्तीत, स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरावीक छोट्या कालखंडात) निवडलेल्या कामांबाबत संघ वचन देतो ही भाषा काढून, संघ पूर्वानुमान करतो अशी भाषा आली. २०२० च्या आवृत्तीत ‘कमिटमेंट’ पुन्हा अवतरली. पण ती प्रॉडक्ट गोल (प्रणालीचे उद्दिष्ट), स्प्रिंट गोल (स्प्रिंटचे उद्दिष्ट) आणि डेफिनिशन ऑफ डन (काम पूर्ण झाल्याचे निकष) यांना उद्देशून आहे, कामांच्या संख्येला नव्हे. तेव्हा स्प्रिंटच्या कामांसाठी ‘पूर्वानुमान’ आणि स्प्रिंटच्या उद्दिष्टासाठी ‘बांधिलकी’ असे दोन वेगळे शब्द योजावेत.

‘पूर्ण’ हा शब्द उघडा सोडू नये. आमच्याकडे ‘काम झाले’ याचा अर्थ लिहिणाऱ्यापुरते झाले, तपासणाऱ्याकडे अजून गेलेच नाही, असाही असतो. व्याजआकारणीचे काम गेल्या वर्षाच्या खतावणीशी पडताळून उत्तर जुळले तरच पूर्ण, अशा निकषांचे परिशिष्ट जोडावे आणि कलमात ‘परिशिष्टानुसार पूर्ण’ असे म्हणावे.

पहिल्या प्रतिसादकाची पुरवणी

वरील सूचना मान्य. ‘स्वीकृती’ हा शब्द योग्यच आहे, पण तिच्याशेजारी ‘पोच’ही व्याख्येत आणावी, कारण ‘मिळाले, धन्यवाद’ अशा ईमेलला कंपनी उद्या स्वीकृती म्हणेल. स्प्रिंटअखेरीस काम हाती आल्याची नोंद ती पोच, आणि निकष तपासून दिलेली लेखी मान्यता ती स्वीकृती. ठरलेल्या मुदतीत संस्थेने काहीच न कळवल्यास काम स्वीकारले असे धरण्याची जी तरतूद असते, तिला ‘मानीव स्वीकृती’ म्हणावे. मानीव अभिहस्तांतरणामुळे (जमीन-इमारतीची मालकी संस्थेच्या नावे झाली असे कायद्याने धरण्यामुळे) मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांत ‘मानीव’चा अर्थ सर्वांना ठाऊक आहे.

‘दंड’ टाळावा. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच देववते. म्हणून ‘पूर्वनिश्चित नुकसानभरपाई’ असे लिहावे.

विचारणाऱ्याचा पुढील प्रश्न

आभारी आहे. एक शंका उरते. सोर्स कोडविषयीच्या (प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ आज्ञावलीविषयीच्या) ‘असाइनमेंट’साठी, म्हणजे हक्क दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी, मी ‘प्रणालीची मालकी संस्थेकडे राहील’ असे लिहिले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

प्रतिसाद

पुरेसे नाही, आणि या करारातील सर्वांत महागडी ढिलाई हीच ठरू शकते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावली ही साहित्यकृती गणली जाते, आणि नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कृतीचा पहिला हक्क कलम १७ अन्वये एरवी मालकाला मिळतो. येथे तो मालक म्हणजे कंपनी, आपली संस्था नव्हे. पैसे संस्थेने मोजले, एवढ्याने हक्क आपोआप संस्थेकडे येत नाही. त्यामुळे ‘राहील’ हे क्रियापदच चुकीचे आहे. जे अद्याप आलेलेच नाही ते राहणार कसे? कायद्याच्या मराठीत यासाठी ‘अभिहस्तांकन’ हा शब्द आहे. कलम १९ प्रमाणे ते लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता, असे कायदा धरून चालतो. अजाइलमध्ये काम तुकड्यातुकड्याने येते, म्हणून अभिहस्तांकनही त्याच लयीत बांधावे. कलम असे लिहिता येईल:

‘प्रत्येक स्प्रिंटमधील स्वीकृत कामाचे देयक अदा होताच, त्या कामाच्या सोर्स कोडमधील कॉपीराइटचे, त्याच्या संपूर्ण मुदतीसाठी व जगभरासाठी, कंपनी या करारान्वये संस्थेच्या नावे अभिहस्तांकन करीत आहे.’ मूळ इंग्रजी कलमात मुदत आणि प्रदेश नसतील, तर मराठी पाठात ते आपल्या पदरचे घालू नयेत. स्वाक्षऱ्या होण्यापूर्वी इंग्रजी कलमच दुरुस्त करून घ्यावे.