मदत हवी आहे: ट्यूबचं सील आखूड करायचंय, पण कोपऱ्यातून गळतंय

मंडळी, नमस्कार. पॅकेजिंग हा माझा विषय नाही, त्यात ढकललो गेलोय. प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

एका जेलसाठी पॉलिइथिलीनची ट्यूब करतोय. व्यास ३५ मिमी, भिंत साधारण अर्धा मिमी. झाकण खाली आणि उघडी शेपटी वर ठेवून जेल भरायचं, शेपटीच्या आत गरम हवा मारायची आणि लगेच दोन जबड्यांत दाबून चपटी करायची. सीलची पट्टी सध्या ८ मिमी आहे. खोकं लहान करायचं म्हणून ती ४ मिमीवर आणा, असा हुकूम आलाय. (हुकूम देणाऱ्याने ट्यूब अजून हातात घेतलेली नाही. असो.)

पण ८ मिमीची पट्टीसुद्धा गळते! मधोमध नाही, दोन्ही कोपऱ्यांत. रंगीत पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घालून ट्यूब भरली, सील केली आणि टिश्यूवर आडवी ठेवून तळहाताने दाबली. मिनिटभरात मोहरीएवढा गुलाबी ठिपका. ब्लेडने कोपरा कापून पाहिला, तर घडीच्या आत केसाएवढी वाट, चिकटलेलीच नाही.

रुंद पट्टीची ही गत, तर अरुंद कशी टिकणार? आणि दुसरं, ३५ ची ट्यूब शेपटीशी ५५ मिमी रुंद होते. पिशवीला असतात तशा दोन्ही बाजू आत दुमडून ती रुंदी कमी होईल का?

---

जबडेवाला:
पट्टीच्या रुंदीवर फार भिस्त ठेवू नका. ट्यूब पिळली की जेल पाचरीसारखं आत घुसतं आणि सीलच्या आतल्या कडेवर दोन भिंती सोलायला बघतं. सगळा ताण त्या एका रेषेवर. ती रेषा सुटली तर मागची पट्टी ८ मिमी असो की ४, एकेक धागा उसवत जाते. म्हणून आधी ती रेषा बघा. जबड्याची आतली धार तीक्ष्ण असेल तर नेमकी तिथेच भिंत पातळ होते. धारेला थोडी गोलाई द्या.

आता कोपरे. तिथे भिंत १८० अंशांत वळते आणि तिला परत गोल व्हायचं असतं. जबडे गरम असतानाच उघडलेत तर मध्यभाग तग धरतो, कोपरा उघडतो. दाबणारे जबडे थंड असायला हवेत, आतून पाणी फिरवलेले, आणि प्लास्टिक घट्ट होईपर्यंत बंद. शिवाय ते ५५ पेक्षा दोन्हीकडे थोडे जास्त लांब हवेत. तुमचे मोजलेत का?

आणि नोझलमधून जेलची तार लोंबते का तेही बघा. ती आतल्या भिंतीला लागली की तेवढ्या जागी जोड होत नाही. नोझल आधी तळाशी नेऊन भरता भरता वर आणायचं, शेवटी थोडं मागे ओढून तार तोडायची.

---

घडीमोड:
बाजू आत दुमडायच्या भानगडीत पडू नका, मी पडलो होतो. कडेला चार थर, मध्ये दोन. चाराचे दोन होतात त्या पायरीवर सपाट जबड्याचा दाब पोचत नाही आणि तिथे बोगदा राहतो. वर दुमडीच्या आत ट्यूबची बाहेरची बाजू बाहेरच्या बाजूला टेकते, म्हणजे छपाई छपाईला. ती कशी चिकटणार?

५५ हे भूमितीचं देणं आहे, परीघाचा अर्धा. ते कमी करायचं तर व्यास कमी करा, ३० ला ४७ येतं. त्यात तेवढाच माल हवा तर ट्यूब लांब होणार, हे मात्र वरच्यांना आधी सांगा. नाहीतर एक ट्यूब सुलटी, एक उलटी अशा रचा. एकीच्या झाकणाकडच्या फुगीर भागाशेजारी दुसरीची चपटी शेपटी येते, जाडीत बरीच जागा वाचते.

---

रंगपेटी:
अवांतर: पिळायची धातूची ट्यूब एका चित्रकाराच्या डोक्यातून निघाली. जॉन गॉफ रँड या अमेरिकन माणसाने १८४१ मध्ये तैलरंगांसाठी तिचं पेटंट घेतलं. ॲल्युमिनियमच्या ट्यूबला आजही वितळवून जोडत नाहीत, शेपटी दोन-तीनदा दुमडून दाबतात. धातू दुमडला की तसाच राहतो, कोपरा उघडायचा प्रश्नच नाही. तुम्हाला चालेल का?

---

धागाकर्ता:
रंगपेटी, भारी माहिती. पण धातू नाही चालणार, दाब सोडल्यावर ट्यूब परत फुगायला हवी आहे.

जबडेवाला, जबडे मोजले. बरोब्बर ५५! म्हणजे ट्यूब केसभर सरकली की एक कोपरा बाहेर. ६२ चे करून घेतले, धार गोल केली आणि दाबून ठेवायची वेळ वाढवली. सील ८ मिमीचंच करतो, थंड झाल्यावर टोकाचे ३ मिमी कापतो, ५ उरतात. वीस ट्यूब दाबल्या, टिश्यू कोरडा. दोन्ही भिंती हाताने ओढून पाहिल्या तर सील सुटायच्या आधी प्लास्टिकच ताणून फाटलं.

४ चा हट्ट ५ वर मिटवलाय. आता नवीन अडचण: बॅच नंबर आणि तारीख याच पट्टीत दाबून उठवायची आहे. अक्षरं आतल्या कडेपासून किती लांब ठेवू?

---

जबडेवाला:
कडेजवळचे २ मिमी कोरे सोडा, अक्षरं बाहेरच्या अंगाला आणि उथळ. नाहीच मावली तर तारीख ट्यूबच्या अंगावर शाईने छापा. आणि वीस ट्यूब लगेच दाबून खूश होऊ नका. जेलमध्ये साबणाच्या जातीचं काही असेल तर ताणलेला कोपरा काही दिवसांनी तडकतो. खरं जेल भरून उबदार जागी दोन आठवडे आडव्या ठेवा आणि मग दाबा.

---

धागाकर्ता:
साबणाच्या जातीचंच आहे. आजच ठेवतो, निकाल इथेच टाकेन.