मदत हवी आहे: चीअर पथकाचे २२ शर्ट, कापड कोणतं आणि छपाई कुठली?

गोदाकाठची: कॉलेजच्या चीअर पथकासाठी २२ शर्ट करायचे आहेत, १६ मुली आणि ६ मुलं. कार्यक्रम नाशिकच्या हिरावाडीतल्या क्रीडा संकुलात, प्रेक्षक साधारण ३० मीटरवर. लाल शर्ट, पाठीवर पांढऱ्यात 'नाशिक', छातीवर छोटं चिन्ह. दोन ठिकाणी उचलण्याचे स्टंट आहेत. शालिमारच्या बाजारात एक छपाईवाला सब्लिमेशन (उष्णतेने शाईची वाफ करून कापडात मुरवणं) म्हणतो, दुसरा डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवणं). काय घ्यावं?

सुईदोरा: आधी कापड ठरवा, छपाई त्यावरून ठरते. तयार लाल शर्टावर पांढरं सब्लिमेशन होतच नाही, त्या शाईत पांढरा रंगच नसतो. करायचंच तर पांढऱ्या पॉलिस्टरच्या थानावर लाल रंग छापून, अक्षरं कोरी ठेवून, मग कापून शिवायचं. शिवलेल्या शर्टावर अख्खा लाल छापला की काखेत आणि शिवणीपाशी पांढरे ओरखडे राहतात.

लाल पॉलिस्टरवर स्क्रीन प्रिंटिंगही (जाळीच्या साच्यातून शाई दाबून छापणं) जपून. शाई पक्की करायला उष्णता दिली की कापडातला लाल रंग वाफ होऊन वर चढतो. दुकानातून पांढरी आलेली अक्षरं दोन दिवसांत गुलाबी! खाली करडा ब्लॉकर (रंग अडवणारा शाईचा थर) आणि कमी तापमानाची शाई, दोन्ही लागतं.

माझं मत: कॉटन-लायक्रा, ९५-५, २०० ते २२० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन). घाम दिसेल, पण रंग चढणार नाही. एकरंगी छपाईला २२ नग म्हणजे स्क्रीन परवडते. शाईत ताणाचं मिश्रण घालायला सांगा. नमुना हाती आला की छपाई दोन्ही हातांनी ताणून बघा. भेग पडली तर मिश्रण कमी आहे किंवा शाई कच्ची राहिली आहे.

पिरॅमिड: स्टंट आहेत म्हणून सांगते, कंबरेवर काहीही छापू नका. बेस, म्हणजे खालून उचलणारे, तिथेच धरतात. डीटीएफचा मोठा ठोकळा घामाने बुळबुळीत होतो, आणि गुळगुळीत पॉलिस्टरवर पकड आधीच कमी. टिकल्या, खडे, धातूचं बटण तर अजिबात नको, तळहात सोलतात. शर्ट ढगळही नको, वर जाणाऱ्या मुलीच्या शर्टात खालच्याची बोटं अडकतात.

गोदाकाठची: मापं कशी घेऊ? एस-एम-एल विचारून चालेल?

पिरॅमिड: नाही, प्रत्येक दुकानाचा एम वेगळा. प्रत्येकीला नीट बसणारा टी-शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालपर्यंत मोजायला सांगा. लांबीत ५ ते ७ सेंमी वाढवा, हात वर गेले की शर्ट बेंबीच्या वर येतो. रॅग्लन बाही (गळ्यापासून तिरकी शिवलेली) घेतलीत तर कमी चढतो. कापड आधी धुतलेलं आहे का विचारा, नाहीतर पहिल्या धुण्यात लांबी जाते. दोन नग जास्तीचे आणि सगळे एकाच लॉटमधले. नंतर मागवलेला लाल हमखास वेगळा निघतो.

वेलांटी: फाइलकडे कोणाचं लक्ष नाही का? कोरलड्रॉमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मराठी फॉन्टसकट फाइल पाठवली आणि समोरच्याकडे तो फॉन्ट नसला, तर 'शि'ची वेलांटी सुटून भलतीकडे जाऊन बसते. अक्षरं कर्व्हज करूनच (फॉन्टऐवजी नुसते आकार) द्या, सोबत पीडीएफ, आणि स्क्रीन बनण्याआधी कागदावर खऱ्या आकाराची प्रिंट. वेलांटीचं बारीक टोक १ मिमीपेक्षा जाड ठेवा, नाहीतर जाळीत बुजतं.

आता ३० मीटर. पाटीवाल्यांचा हिशोब दहा फूट अंतराला अक्षराची एक इंच उंची, म्हणजे अक्षर २५ सेंमी हवं. पाठीवर छपाईची रुंदी जेमतेम ३० सेंमी, त्यात अख्खं 'नाशिक' बसवलं तर उंची निम्मीच मिळते. एका पाठीवर एकच अक्षर टाका: ना, शि, क. तीन स्क्रीन लागतील. रांग मात्र पाठ करा, शेवटची दोघं चुकली की 'नाकशि' होतं.

गोदाकाठची: मग छातीवरचं चिन्ह?

वेलांटी: ८-९ सेंमी, डावीकडे, त्याच पांढऱ्या शाईत. ३० मीटरवरून ते दिसणार नाही, फोटोपुरतं आहे. चिन्हाची ही चौथी स्क्रीन, दुसरा रंग घालून पाचवी वाढवू नका.